लाटेवर टेकलेला ठिपका

रत्नागिरी,
१२ ऑक्टोबर १९९६

ती. केरबाकाका यांस,
सप्रेम जयभीम.

चार महिन्यांनी पत्र लिहिते आहे. शिव्या घालायच्या असतील तर आधी मनसोक्त घालून घ्या आणि मग पुढे वाचा, कारण पुढे काम आहे. काम असलं की पुतणीला काका आठवतो, असं तुम्ही म्हणणारच, म्हणून ते मीच म्हणून टाकते.

माझ्या पीएच.डी.बद्दल मी उन्हाळ्यात चंदगडला सांगायला लागले होते, पण बाबांनी मध्येच काजूचा विषय काढला आणि ते राहून गेलं. आता नीट सांगते. इथे धक्क्यावर एक लोखंडी तुळई आहे. तिच्या दोन टोकांना, चार मीटर अंतरावर, आम्ही दोन कॅमेरे बसवलेत. एक बटण दाबलं की दोन्ही एकाच क्षणी समोरच्या समुद्राचा फोटो काढतात. माणसाचे दोन डोळे थोड्या वेगळ्या जागेवरून बघतात, म्हणून आपल्याला खोली कळते, तसंच हे. त्या फोटोंच्या जोडीवरून लाटेच्या प्रत्येक भागाची उंची काढायची. आजवर पाण्यात पट्ट्यापट्ट्यांचा खांब रोवून एकाच जागची उंची मोजत आले. तो खांब आमच्याकडेही आहे, पडताळ्यासाठी. पण मला अख्ख्या लाटेचा नकाशा हवा आहे. नकाशा म्हटल्यावर तुमचे कान टवकारले असतील.

फोटो ढीगभर निघतात, वाचायला कुणी नाही. संस्थेत तसं यंत्र नाही आणि पुण्याच्या मोठ्या यंत्रावर आमचा नंबर दोन वर्षांनी लागेल. माझी नोंदणी डिसेंबर अठ्ठ्याण्णवमध्ये संपते. मुदतवाढीचं विचारलं तर माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "तुम्हा लोकांना सवलतींची सवय असते, इथे ती चालायची नाही." हे वेळेत पुरं झालं नाही तर दुसरी संधी नाही, एवढं मला कळलं.

तुम्ही एकतीस वर्षं पुण्यात नकाशाच्या कचेरीत हेच केलंत. विमानातून काढलेल्या फोटोंच्या जोड्या बघून डोंगरांच्या उंच्या काढल्यात. ते आरशांचं यंत्र अजून घरी आहे ना? डोंगराऐवजी पाणी वाचाल का? प्रबंधात तुमचं नाव छापीन. खरंच छापीन.

काकींना जयभीम सांगा.

तुमची,
दीक्षा

*

शाहूपुरी, कोल्हापूर
२० ऑक्टोबर १९९६

चि. दीक्षा हिस अनेक आशीर्वाद व जयभीम.

शिव्या घातल्या. तुझी काकी साक्षीला आहे.

"वाचाल का" असं विचारतेस? अगं, आमच्या हापिसात जी दरी कुणाला जमायची नाही ती माझ्या टेबलावर यायची. यंत्र घरीच आहे. कचेरीनं भंगारात काढलं तेव्हा मी लिलावात घेतलं आणि तुझी काकी आठ दिवस बोलली नाही. आता ते कपाटावरून खाली काढलं, पुसलं, आरसे अजून लख्ख आहेत.

तुला माहीत असावं म्हणून सांगतो. आमच्या धंद्यात सगळा खेळ एका ठिपक्याचा. डाव्या फोटोवर एक ठिपका ठेवायचा, उजव्यावर एक. आरशातून डावा डोळा डावा फोटो बघतो, उजवा डोळा उजवा. मग डोक्यात दोन्हींचा मिळून एक फोटो होतो, डोंगर कागदातून वर उठतो आणि दोन ठिपक्यांचा एक ठिपका होऊन हवेत तरंगायला लागतो. स्क्रू फिरवला की तो खालीवर होतो. तो जमिनीला अलगद टेकला की पट्टीवरचा आकडा घ्यायचा आणि उंचीचा हिशेब करायचा. ठिपका टेकवणं हे काम शिकवून येत नाही, ते नजरेत असावं लागतं.

पाणी मात्र मी कधी वाचलं नाही. नवा होतो तेव्हा एका तळ्याचा काठ मी एका बाजूला उंच आणि दुसऱ्या बाजूला खाली दाखवला होता. साहेबानं सगळ्यांदेखत मेमो दिला, वर म्हणाला, "केरबा, पाणी सपाट असतं." त्या दिवसापासून पाण्याच्या बाबतीत माझी चूक नाही. आता तू म्हणतेस पाण्याला डोंगर असतात. बघू या.

मी पाच वर्षं आधीच नोकरी सोडली म्हणून तुझा बाप मला आळशी म्हणतो. त्याला सांग, काकाला परत हापीस लागलं.

फोटो रजिस्टरनं पाठव.

केरबा

*

रत्नागिरी,
२३ जानेवारी १९९७

ती. काका,
सप्रेम जयभीम.

काका, काय सांगू! पहिल्या वीस जोड्यांचे तुमचे आकडे मी खांबाशी ताडून बघितले. खांब म्हणतो एक मीटर दहा, तुम्ही म्हणता एक मीटर आठ. खांब म्हणतो ऐंशी सेंटीमीटर, तुम्ही म्हणता एक्याऐंशी. मी बसल्या जागी रडले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं झालं माझं.

सरांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, "हे कुणी वाचलं?" मी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी फाइल स्वतःकडे ठेवून घेतली. त्यांच्या बाबतीत ही शाबासकी समजायची.

एक विचारायचं होतं. तुमचं अक्षर किती सुंदर होतं! बाबा अजून तुमची जुनी पत्रं दाखवतात. आता ओळी खाली घसरतात आणि शेवटचे दोन आकडे एकमेकांवर चढलेले असतात. म्हातारे झालात की काय? की काकी शेजारी बसून कोपर मारतात?

नवीन तीस जोड्या सोबत पाठवते आहे.

दीक्षा

*

शाहूपुरी, कोल्हापूर
९ मार्च १९९७

चि. दीक्षास आशीर्वाद.

म्हातारा तुझा बाप. मला नुसता चष्म्याचा नंबर बदलायचा आहे.

परवा स्टँडकडून येताना उजव्या बाजूनं एक रिक्षा अशी काही अंगावर आली की धोतर फाटलं. रिक्षावाला मलाच म्हणतो, "काय पावणं, दिसत न्हाय व्हय?" मी त्याला जे सुनावलं ते पत्रात लिहिता येत नाही. लागलं नाही फारसं.

तुझ्या काकीचं विचारलंस. बसते की शेजारी. आजऱ्याचा तांदूळ निवडून निवडून तिची नजर अशी झाली आहे की खडा दिसायच्या आधी तिला कळतो. मधूनमधून यंत्रात डोकावते आणि "ट्येकला, ट्येकला!" म्हणून ओरडते. करमणूक आहे आम्हा दोघांची.

पण लाटा वाचायला डोंगरापेक्षा अवघड, हे खरं. डोंगर एकासारखा एक नसतो. लाटेचा माथा मात्र शेजारच्या माथ्यासारखाच दिसतो. डाव्या डोळ्यानं एक माथा धरला आणि उजव्यानं चुकून त्याच्या शेजारचा, तर ठिपका भलतीकडेच हवेत जाऊन टेकतो आणि आकडा भूत असल्यासारखा येतो. अशा वेळी कसबी माणूस ओळखतो आणि दुरुस्त करतो. नवख्याला ते जमत नाही.

गल्लीत सगळ्यांना कळलंय की माझं नाव पुस्तकात येणार. खालचा स्पेअरपार्टवाला रोज विचारतो. नाव छापताना नुसतं केरबा छापू नकोस. बापाचं नाव घाल, केरबा धोंडीबा. इंग्रजीत कसं लिहिणार ते एकदा कागदावर लिहून पाठव, म्हणजे मी बघून ठेवतो.

केरबा

*

रत्नागिरी,
२४ जून १९९७

ती. काका,
सप्रेम जयभीम.

हे पाकीट जिवापलीकडे जपा.

सतरा तारखेला इथे दिवसभर वादळ झालं. आम्हाला सगळ्यांना वरच्या खोलीत कोंडून ठेवलं होतं. खिडकीतून पावसाशिवाय काही दिसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर गेलो तर पट्ट्यांचा खांब मुळापासून मोडून गेलेला. मला वाटलं, गेलं सगळं. पण कॅमेरे शाबूत होते, आणि बटणाला जोडलेल्या घड्याळावर खांब मोडल्यानंतरही आपले आपण फोटो काढत राहिले होते. बारा जोड्या चांगल्या निघाल्या.

म्हणजे काका, त्या वादळाचा दुसरा कुठलाही पुरावा कुणाजवळ नाही. खांब नाही, माणूस नाही, फक्त या बारा जोड्या. शांत समुद्रात आपली पद्धत चालते हे आपण दाखवलं. वादळात चालते हे दाखवलं की माझा प्रबंध झाला. नाही दाखवलं तर सर म्हणतात, उरलेलं काम कॉलेजच्या प्रयोगवहीच्या लायकीचं आहे.

छापील प्रती हा एकच संच आहे, घाईत मी त्या धड बघितल्याही नाहीत. मूळ फिल्म सरांच्या कपाटात आहे. फेब्रुवारीत समितीपुढे मांडायचं आहे.

सगळं तुमच्यावर आहे.

दीक्षा

*

शाहूपुरी, कोल्हापूर
२ ऑगस्ट १९९७

चि. दीक्षास आशीर्वाद.

बारा जोड्यांचे आकडे सोबत आहेत. तीनदा तपासले. सगळ्यांत उंच लाट पाचव्या जोडीत, दोन मीटर दहा.

या पाचव्या जोडीनं छळलं. शेजारचा माथा धरला जाऊन भलताच आकडा येत होता, तो दुरुस्त केला. सातवी आणि अकरावीही थोडी खाली आणावी लागली. आता बाराही जोड्या एकमेकींशी नीट जुळतात, आलेख काढशील तेव्हा कुठे खाचखळगा दिसायचा नाही. एकतीस वर्षांचा हात आहे, काळजी करू नकोस.

इंग्रजीत नाव लिहून पाठवणार होतीस, ते राहिलं.

केरबा

*

रत्नागिरी,
१९ फेब्रुवारी १९९८

ती. काका,
जयभीम.

पाचव्या, सातव्या आणि अकराव्या जोडीत तुम्ही नेमकं काय दुरुस्त केलंत? आधी काय आकडा आला होता? आठवून लिहा. आठ दिवसांच्या आत लिहा, मला उत्तर द्यायचं आहे.

काल समितीपुढे मी माझा आलेख दाखवला. वादळातली सर्वांत उंच लाट दोन मीटर दहा, असं सांगितलं. सर उठले. त्यांनी मूळ फिल्मवरून पाचव्या जोडीतला डावा फोटो मोठा करून आणला होता. तो पडद्यावर लावला. धक्क्याच्या टोकाला कठडा आहे, पाण्यापासून चार मीटर उंच. फोटोत कठडा पाण्याखाली आहे. सर म्हणाले, "शाळेतल्या पोरालाही दिसतं. मग यांना दोन मीटर कुठून दिसलं?" समितीतले एक गृहस्थ माझ्याकडे न बघता म्हणाले, "आकडे घरी बसून तयार केलेले दिसतात."

मी तुमच्या बारा जोड्या एकदाही स्वतः बघितल्या नव्हत्या. नुसते आकडे उतरवून घेतले होते. काका, काय झालं?

दीक्षा

*

शाहूपुरी, कोल्हापूर
२७ फेब्रुवारी १९९८

दीक्षा,

आता लपवून उपयोग नाही.

माझा उजवा डोळा काचबिंदूनं गेला आहे. नोकरी सोडली ती त्याच्यापायीच, कंटाळा वगैरे काही नव्हता. ठिपका टेकवणाऱ्याला दोन डोळे लागतात. एक गेला की डोंगर उठत नाही, ठिपका तरंगत नाही, नुसते दोन कागद दिसतात. हापिसात कुणाला कळायच्या आत मी राजीनामा दिला. तुझ्या बापालाही सांगितलं नाही. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा उजव्या डोळ्याला थोडा उजेड होता, वाटलं जमेल. तू "काका, वाचाल का" असं विचारलंस आणि मला नाही म्हणता आलं नाही. एवढंच आहे बघ खरं कारण. तुझ्या पत्रात ती आंधळ्याची म्हण वाचून मी दोन दिवस जेवलो नाही.

सगळ्या जोड्या तुझ्या काकीनं बघितल्या. मी तिला यंत्रापुढं बसवलं, ती स्क्रू फिरवायची, "ट्येकला" म्हणायची, मी भिंगातून पट्टी वाचायचो आणि हिशेब करायचो. शांत पाण्याच्या वेळी तिचं चाललं, खांबाशी जुळलं, मला वाटलं निभावलं. वादळाच्या पाचव्या जोडीला हिनं ठिपका कुठल्या कुठे वर नेला. हिशेब केला तर चार मीटर सत्तर. मी हसलो. लाट आहे की जोतिबाचा डोंगर? म्हटलं, शेजारचा माथा धरलास. परत बघायला लावलं. परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. कोपऱ्यातला कठडा मला उडालेले तुषार वाटला. मी बघू शकत नव्हतो आणि ती माझं ऐकत नव्हती. मग बाजूच्या जोड्या बघून मीच बेतानं आकडा बसवला. तिन्ही जोड्यांचं तसंच.

पण माझ्या दुरुस्तीनं हे झालं, असं मला अजूनही वाटत नाही. पायाच कच्चा होता. न शिकलेल्या बाईच्या हातात यंत्र दिलं, तिच्या सगळ्याच आकड्यांत चूक असणार, एक दोन दुरुस्त करून काय होतंय. मी तिला तेच म्हणालो. तुझ्यापायी पोरीचं वाटोळं झालं, म्हणालो. ती उठून गेली.

तू समितीला सांग की वाचणारा माणूस डोळ्यानं अधू होता आणि त्यानं ते लपवलं. माझं नाव तुझ्या कागदात आहेच, त्याच्यावर फुली मार. मला चालेल. तुझ्यावर येऊ देऊ नकोस.

केरबा

*

रत्नागिरी,
१६ मार्च १९९८

ती. काका,

फुली मारायला तुमचं नाव तिथे नाही.

पहिल्यांदा सरांनी "कुणी वाचलं" असं विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मीच." बाहेरच्या माणसानं वाचलेलं त्यांनी क्षणात फेटाळलं असतं. कोल्हापूरचे माझे काका, निवृत्त नकाशावाले, असं सांगितलं असतं तर ते हसले असते. पुढच्या प्रत्येक अहवालात मी सही करून लिहिलं की वाचन संशोधक विद्यार्थिनीनं स्वतः केलं. तुम्हाला मात्र कळवलं की नाव सांगितलं. तुम्ही इंग्रजीतलं नाव मागत राहिलात आणि मी विसरल्याचं ढोंग करत राहिले. पुस्तक निघेल तेव्हा शेवटच्या पानावर आभारात कुठेतरी घालीन, असं मनाशी ठरवलं होतं.

म्हणून मला आता तुमचं काहीच सांगता येत नाही. तुमच्या डोळ्याचं सांगितलं तर आधीच्या सगळ्या सह्या खोट्या ठरतात. नाही सांगितलं तर आकडे मीच बनवलेले ठरतात. मी दुसरं निवडलं. "घाईत माझ्या हातून चूक झाली" असं म्हणाले. सर म्हणाले, चूक आणि लबाडी यांतला फरक आम्हाला कळतो. नोंदणी रद्द झाली. परवा खोली सोडते आहे.

मला तुमचा राग आला आहे, काका. खूप. एक ओळ लिहिली असतीत, डोळा गेला म्हणून, तर मी दुसरं काहीतरी केलं असतं. काय केलं असतं ते मला माहीत नाही, पण केलं असतं. आणि मला माझीही लाज वाटते, म्हणून तुम्हाला यापेक्षा जास्त बोलता येत नाही. बाबांना मी एवढंच सांगितलं आहे की मुदत संपली. तुम्हीही तेवढंच सांगा.

पत्र पाठवू नका काही दिवस.

दीक्षा

*

शाहूपुरी, कोल्हापूर
१४ नोव्हेंबर १९९९

दीक्षाताई, मी शेजारची शिवानी. शालूकाकी सांगतात तसं लिहिते आहे. त्यांनी सांगितलंय की एक शब्द सुधारायचा नाही.

दीक्षा पोरी,

दीड वरीस झालं तुजं पत्र न्हाय. तुज्या बापाकडनं कळलं की तू आजऱ्याला कालेजात तासावर शिकवतीस. बरं हाय. काय तरी हाय.

हितलं सांगते. तुज्या काकांचा दुसरा डोळा बी गेला. गणपतीपास्नं कायच दिसंना झालंय. हात धरून न्ह्यावं लागतंय. तसं जेवत्यात, झोपत्यात. पर तोंड कडू झालंय. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत्यात की हिनं पोरीचं नुकसान केलं, हिला ठिपका कळला न्हाय. मी गप ऱ्हाते. आंधळ्या माणसाशी काय भांडायचं.

ते यंत्र मी कपाटावर ठिवलंय. परत हात लावला न्हाय. माझं मन उडालं बघ. तांदूळ निवडताना बी आता वाटतंय की आपल्याला दिसतंय ते खरं का खोटं.

तुला इचारायचं एकच हाय. कुणाला इचारणार दुसऱ्याला? त्या पाचव्या फोटूत मी बघितलं तवा पानी उभं हुतं. भितीवानी उभं. मी ठिपका वर न्हेला, आनी वर न्हेला, तरी ते त्येच्या वरच हुतं. लई भ्या वाटलं मला. तीन डाव बघितलं, तीन डाव तिथंच ट्येकला. काका म्हणालं, चार सत्तर, आनी हसलं, आनी खोडलं. मी आडानी बाई, त्यास्नी कसं म्हणू तुमचं चुकतंय म्हणून.

तेवढं मला सांग पोरी. ती लाट खरी हुती का मला तसं दिसलं?

शालूबाई

*

आजरा,
५ डिसेंबर १९९९

प्रिय काकी,
जयभीम.

शिवानी, हे पत्र काका घरात नसताना वाच. ते कधी बाहेर जात नसतील, तर काकींना तुझ्या घरी बोलावून वाचून दाखव.

काकी, ती लाट खरी होती.

गेल्या महिन्यात मला संस्थेतल्या एका मैत्रिणीनं नवीन निघालेला एक लेख पाठवला. पुण्याच्या मोठ्या यंत्रावर आमचा नंबर शेवटी लागला. सरांनी त्याच बारा जोड्या तिथे वाचून घेतल्या आणि दुसऱ्या विद्यार्थ्याबरोबर आपल्या नावानं छापल्या. माझं नाव नाही, तुमचंही नाही. त्यात पाचव्या जोडीतली लाट चार मीटर सत्तर दिली आहे. तुम्ही काकांना सांगितलीत तेवढीच. सातव्या आणि अकराव्या जोडीचे आकडेही त्यात आहेत. काकांनी त्या "खाली आणाव्या लागल्या" असं लिहिलं होतं, त्या अर्थी तुम्ही वर सांगितल्या असणार. यंत्रही वरच सांगतं. उरलेल्या नऊ जोड्या तर माझ्या जुन्या वहीत तुमच्याच आहेत, त्यांत आणि यंत्रात बोटभराचा फरक आहे.

तुम्ही एकदाही चुकला नव्हतात. बाराही जोड्यांत नाही. दुरुस्ती केली नसती तर मी तो आलेख दाखवला असता, सरांनी तोच फोटो लावला असता आणि त्यातून माझाच आकडा खरा ठरला असता. तुम्ही विचारलंत म्हणून खरं ते लिहिते.

याचा आता कुणाला उपयोग नाही. मी विद्यापीठातल्या एका मोठ्या माणसाला लिहून बघितलं. त्यांनी विचारलं, त्या बाईंचं शिक्षण किती, आणि त्यांनी वाचल्याचा कागद कुठे आहे? कागदावर काकांचं अक्षर आहे, आणि खाली माझी सही.

मला तुमची माफी मागायची आहे. काकांनी तुम्हाला दोष दिला ते मी त्यांच्या पत्रात वाचलं होतं आणि मलाही ते पटलं होतं. मलाही वाटलं, काकींनीच घोटाळा केला असणार. दीड वर्षं मी तेच समजत होते.

काकांना हे सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. त्यांना अजून वाटतं की त्यांचा हात बरोबर होता. मला त्यांना लिहायचं धाडस नाही. तुम्ही म्हणालात तर येऊन तोंडावर सांगेन. तुमच्यावरचा आळ निघायला हवा, असं मला वाटतं.

दीक्षा

*

शाहूपुरी, कोल्हापूर
९ जानेवारी २०००

(लिहिणार शिवानी, शब्द काकींचे.)

दीक्षा पोरी,

पत्र शिवानीच्या घरी बसून ऐकलं. दोनदा वाचाय लावलं. ऐकून आधी हसू आलं, मग रडू आलं, मग घरी भाकरी करायची हुती म्हणून उठले.

माफी कसली मागतीस? तू लांब हुतीस. तुला जे लिवून आलं ते खरं वाटलं.

त्या दिशी सांजंला काकांच्या हापिसातला एक जोडीदार भेटाय आलता. काकांनी त्येला बी सांगितलं, हिला शेजारचा माथा कळला न्हाय म्हणून. मी चहा गाळत हुते. मला असा राग आला पोरी, पातेलं आपटलं. त्वांडावर आलतं माज्या. पुण्याच्या मशीननं सांगितलंय, मी बरोबर हुते, तुमी पोरीचं वाटोळं केलं. सगळं त्वांडावर आलतं.

तेवढ्यात काकांनी त्येला सांगाय सुरुवात केली, कुठली दरी, कुठला घाट, कसा ठिपका टेकवला, एकतीस वर्सांत एक बी चूक न्हाय. हात असा पुढं करून, दोन बोटांत स्क्रू धरल्यावानी फिरवत हुते. डोळं मिटलेलं. जोडीदार मान हलवत हुता.

मी चहा दिला आनी आत गेले.

त्या माणसाकडं आता दुसरं कायच ऱ्हायलं न्हाय गं. डोळं गेलं, नोकरी गेली, तू गेलीस. तेवढी एक गोष्ट हाय की माझा हात बरोबर हुता. ती बी काढून घेतली तर ते बसल्या जागी संपतील. आनी मला खरं कळून माजं काय व्हनार? तुजी डिगरी परत येनार न्हाय.

म्हणून सांगितलं न्हाय, आनी सांगनार बी न्हाय. तू बी येऊन सांगू नगंस. आलीस तर आजऱ्याचा तांदूळ घेऊन ये, दोन दिस ऱ्हा, पर ते बोलू नगंस. तुजं पत्र शिवानीकडं ठिवलंय, आमच्या घरात न्हाय.

आज दुपारी बी म्हणालं, हिच्यापायी झालं. मी व्हय म्हणाले.

शालूबाई